उसाच्या बेटावर

पंचगंगेच्या काठी एका गावात दोन वृद्ध मित्र राहत असत. एकाला सारे गाव गुरुजी म्हणे, दुसऱ्याला आबा. गुरुजींनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने हिंदी महासागर काढताना मादागास्करच्या पूर्वेस ते एक बारीकसा ठिपका देत आणि 'मॉरिशस. ऊस व साखर,' एवढेच सांगून पुढे जात. आबांची शाळा चौथीत सुटली होती. पण उसाचे कांडे हातात घेऊन त्याचे वय, त्याचे पाणी आणि त्याचा उतारा ते बिनचूक सांगत. गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा तो ठिपका एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी इच्छा त्यांना झाली. आबांना त्यांनी सोबत विचारली. आबा प्रथम हसले. "ऊस पाहायला समुद्रापलीकडे कशाला जायचे? खिडकी उघडली की दिसतो." परंतु ज्या देशाने दोनशे वर्षे केवळ उसावर संसार केला, तो देश पाहण्याचे कुतूहल त्यांनाही होतेच. दिवाळी आटोपली, फराळाचे डबे बांधले गेले आणि कार्तिकात दोघे निघाले.

मुंबईहून सहा-साडेसहा तासांच्या विमानप्रवासानंतर खाली निळ्या पाण्यात पांढऱ्या फेसाची एक वाकडीतिकडी रेघ दिसली. ती प्रवाळांची रांग. बेटाला तिने जवळजवळ सर्व बाजूंनी वेढले आहे. महासागराच्या लाटा तिच्यावर आपटून फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत, हिरवट राहते. त्या कड्याच्या आत हिरवेगार बेट पहुडले होते. क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा!

विमानतळाबाहेर पाऊल टाकताच आबांनी गुरुजींचा हात धरला. समोर गुलमोहर फुलला होता. आपल्याकडे वैशाखात पेटणारे ते झाड इथे नोव्हेंबरात लालभडक झाले होते. "हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे," गुरुजी म्हणाले, "आपला हिवाळा तो यांचा उन्हाळा." ही गोष्ट त्यांनी वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. परंतु त्या दिवशी ती सांगताना त्यांच्या स्वरात एखाद्या विद्यार्थ्याचा हर्ष होता.

दोघांना फिरवण्यासाठी जो मोटारचालक मिळाला, तो पन्नाशीचा, सावळा, बोलका गृहस्थ होता. त्याचे पूर्वज बिहारातून आलेले. घरी तो क्रिओल भाषा बोले. ही भाषा फ्रेंचमधून, गुलामांच्या आणि मालकांच्या व्यवहारातून तयार झाली आहे. मात्र पाहुण्यांशी तो हिंदीत बोलू लागला आणि ते हिंदी आबांच्या हिंदीपेक्षा पुष्कळच शुद्ध निघाले. गुरुजींनी पैसे मोडून घेतले, तेव्हा तिथल्या रुपयाच्या नोटेवर त्यांना देवनागरी अक्षरे दिसली. त्यांनी ती नोट बराच वेळ खर्ची घातली नाही.

रस्ता उसांमधून जात होता. तोडणीचा हंगाम संपत आला होता. काही फड मोकळे झाले होते, काहींत खोडव्याचे कोवळे कोंब वर आले होते. पण आबांची नजर उसावर नव्हती. प्रत्येक शेताच्या मध्यभागी काळ्या दगडांचे प्रचंड ढीग रचलेले होते. काही ओबडधोबड होते. काही मात्र पायऱ्यापायऱ्यांनी, एखाद्या देवळाच्या शिखरासारखे नेटके चढवलेले होते.

"हे काय आहे?" आबांनी विचारले.

"ही जमीनच दगडांची होती," चालक म्हणाला. "ऊस लावायचा तर दगड वेचले पाहिजेत. आमच्या आज्या-पणज्यांनी हातांनी वेचले. त्यांना घेऊन येणाऱ्यांनी सांगितले होते म्हणे की, त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते."

आबांनी गाडी थांबवावयास लावली. एका ढिगाजवळ जाऊन त्यांनी एक धोंडा उचलून पाहिला. काळा, जड, बारीक छिद्रांचा. "गुरुजी, हा तर आपला दगड! आपल्या विहिरीतून असाच निघतो."

"तो आपलाच आहे," गुरुजी म्हणाले.

त्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी क्यूर्पिप गावाजवळ झाला. बेटाच्या मध्यावर उंच पठार आहे. तिथे एका टेकडीच्या माथ्यावर ज्वालामुखीचे जुने मुख पाहावयास मिळते. खोल, वाटोळे, आतल्या उतारावर दाट झाडी आणि तळाशी थोडेसे पाणी. त्याच्या काठावर बसून गुरुजींनी आबांना जे सांगितले, ते असे. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी तप्त द्रव्याचा झोत खोलवरून वर चढत असतो. झोत बहुधा जागच्या जागी राहतो आणि वरचे भूकवच मात्र हळूहळू सरकते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी अशाच एका झोतावरून उत्तरेकडे सरकत होती. तेव्हा जमीन भेगाळली, लाव्हाचे पूर वाहिले, थरावर थर साचले. त्यांतून दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचे कडे झाले. भारत पुढे निघून गेला. झोत मागे राहिला व समुद्रतळातून नवी भूमी वर काढत राहिला. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या बुडालेल्या पर्वतरांगेवर उभे आहेत, ती त्याचीच. अलीकडे, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, त्याने मॉरिशस निर्माण केले. आज तो इथून सुमारे २०० किलोमीटरवरील रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो आहे. असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

आबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे आपला पन्हाळा आणि हे बेट एकाच चुलीवरचे," ते म्हणाले. "आपली भाकरी आधी उतरली, एवढेच."

गुरुजींना वाटले, इतक्या वर्षांत आपण वर्गात हे इतक्या थोडक्यात कधीच सांगू शकलो नाही.

या बेटावर मूळचा मनुष्य नव्हता. अरबी खलाशांना ते ठाऊक असावे. पोर्तुगीज येऊन गेले. १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून त्यांनी त्याला नाव दिले. १६३९ मध्ये त्यांनीच जावा बेटावरून ऊस आणला. त्यांनी एबनीची काळीभोर झाडे तोडली. त्यांच्यासोबत आलेल्या डुकरांनी, माकडांनी व उंदरांनी डोडो नावाच्या पक्ष्याची अंडी खाऊन टाकली. उडता न येणारा तो गलेलठ्ठ पक्षी सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातून नाहीसा झाला. त्याचा सांगाडा राजधानीतील संग्रहालयात ठेवला आहे. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकले. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले व त्याच तारखेला १९९२ मध्ये प्रजासत्ताक बनले. हा सारा इतिहास गुरुजींनी मोटारीतच सांगून टाकला, कारण आबांना त्या वेळी झोप येत होती.

पाँप्लमूस गावाजवळ एक जुना साखर कारखाना आहे. १९९९ मध्ये त्याचे गाळप बंद झाले आणि काही वर्षांतच त्याचे संग्रहालय करण्यात आले. तिथे मात्र आबांची झोप पार उडाली. चरक, चुलवण, दातेरी चाके, धुराडे यांपैकी प्रत्येक वस्तूपाशी ते उभे राहत आणि गुरुजींनाच तिचे कार्य समजावून देत. शेवटी एका दालनात निरनिराळ्या साखरेचे नमुने चाखावयास देतात. पिवळसर, तांबूस, सोनेरी असे करत करत ते शेवटच्या गडद, ओलसर, जवळजवळ काळ्या साखरेपर्यंत आले. आबांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "काकवी," ते म्हणाले. "गुऱ्हाळावर पहिली कढई उतरली की येतो, तोच वास."

तिथेच त्यांना कळले की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या चिमुकल्या बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. आज ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. १९७५ पासून युरोपातील देश एका कराराने मॉरिशसची साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेत. तो भाव आधी उतरवण्यात आला, मग २००९ मध्ये करारच संपला. लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. कित्येक ठिकाणी शेते पडीक राहिली, कित्येक ठिकाणी घरे व उपाहारगृहे उठली. उरलेले कारखाने चिपाडावर वीज तयार करतात. 'भाव गेला की फड मोकळा पडतो,' ही गोष्ट आबांना कोणी शिकवावयास नको होती. ते फक्त मान हलवत राहिले.

जवळच्या वनस्पतिउद्यानात परातीसारखी काठ वळलेली कमळपाने आहेत. एकेक पान इतके मोठे की, त्यात तान्हे मूल निजवता यावे. तालीपत्राचे माड तिथे आहेत. ते कित्येक दशके वाढतात, एकदाच फुलतात आणि मरतात. प्रवाशांची तिथे दाटी असते, आणि ते योग्यच आहे.

३ नोव्हेंबरला दोघे राजधानी पोर्ट लुई येथे आले. सकाळी बाजारात फिरले. तिथे दालपुरी नावाचा एक पदार्थ गाडीवर विकतात. वाटाण्याच्या डाळीचे पुरण भरलेली पातळ पोळी, तिच्यावर तिखट रस्सा व लोणचे. गुरुजींनी तिला 'पुरणपोळीची तिखट बहीण' असे नाव दिले व तीन खाल्ल्या. तेथून बंदराच्या काठाने चालत ते आप्रवासी घाटावर पोहोचले.

प्रथमदर्शनी तिथे पाहण्यासारखे फारसे नाही. काळ्या दगडाच्या काही भिंती, काही बिनछपराच्या खोल्या, एक दरवाजा आणि पाण्याकडून वर येणारा दगडी पायऱ्यांचा छोटासा जिना. मूळ इमारतींचा मोठा भाग पूर्वीच पडला. उरलेल्याजवळून मोटारींचा महामार्ग जातो. तरीही २००६ मध्ये जगाच्या वारसास्थानांत या जागेची गणना झाली, ती या जिन्यामुळे. इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. मॉरिशसमधील गुलाम १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने मुक्त झाले. त्यांच्याजागी मळ्यांत राबण्यास माणसे हवी होती. म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्याचा प्रयोग सरकारने याच बेटावर सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर उतरले. १८४९ मध्ये हा घाट बांधला गेला. १९२० पर्यंत सुमारे पाच लक्ष माणसे हिंदुस्थानातून मॉरिशसला आणली गेली. काही इथे राहिली, काही पुढे दुसऱ्या वसाहतींत रवाना झाली. कलकत्ता व मद्रास ही मुख्य बंदरे, पण मुंबईहूनही जहाजे सुटली. त्यांतून कोकणातली माणसे आली.

आदल्या दिवशी, २ नोव्हेंबरला, त्या मजुरांच्या आगमनाचा राष्ट्रीय दिन साजरा झाला होता. पायऱ्यांवर वाहिलेली फुले अजून तिथेच होती. उन्हाने ती कोमेजली होती.

माहितीच्या दालनात एका भिंतीवर मजुरांच्या अटी लिहिल्या होत्या. गुरुजी त्या वाचून आबांना मराठीत सांगू लागले. करार पाच वर्षांचा. पुरुषास महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, तेल, मीठ. निघताना काही महिन्यांचा पगार आगाऊ मिळे, तो पुढे कापून घेत. मजूर गोळा करणारे पुष्कळदा त्यांच्याच गावचे, आधी जाऊन आलेले असत. त्यांना सरदार म्हणत. टोळी त्यांची, मळ्यावर हुकूमही त्यांचा. मजुराला क्रमांक मिळे. पुढे त्याचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसताना मळ्याबाहेर सापडला तर त्याला भटक्या ठरवून तुरुंगात टाकीत.

"आणि ही एक अट," गुरुजी म्हणाले, "एक दिवस काम बुडाले तर दोन दिवसांचा पगार कापावा. आजारी पडला तरी कित्येक मळेवाले कापतच. तिला दुहेरी काट म्हणत."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी गुरुजींना ते वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले. गुरुजींनी वाचले. मग आबा बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत दगडावर बसले.

आबांच्या मुलाचे दोन ट्रॅक्टर होते. कारखान्याशी त्याचा ऊसतोडणी व वाहतुकीचा करार असे. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या येत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या हाती उचल द्यावयाची, ती त्याने कोयत्यांत वाटावयाची, आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडून घ्यावयाची. एखाद्या दिवशी कोयता फडात आला नाही, तर तो खाडा. खाड्याचा दंड उचलीत चढतो. तापाचा असो, बाळंतपणाचा असो, दंड तो दंडच. ही खाड्याची वही कित्येक वर्षे आबा स्वतः लिहीत असत. त्यांचे अक्षर मोठे सुबक होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "गुरुजी, आपल्याकडचे निराळे आहे. आपले लोक सहा महिन्यांनी घरी जातात. त्यांना कोणी कोंडून ठेवत नाही."

"निराळे आहे," गुरुजी म्हणाले.

"आणि दोन वर्षांपूर्वी तो मुकादम माझ्या मुलाची उचल घेऊन बुडाला. टोळी आलीच नाही. ते कर्ज अजून फिटते आहे. खाडा लावला नाही तर उद्या निम्मे लोक फडात येणार नाहीत."

"मळेवालेही हेच सांगत," गुरुजी म्हणाले. "मजूर आळशी आहेत, पळून जातात, आगाऊ पैसे बुडवतात. त्यांचेही पैसे कधी कधी खरोखरच बुडत असतील."

हे उत्तर आबांना आवडले नाही, हे उघडच होते. त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत. संध्याकाळी गुरुजींनी त्यांना एक हकीकत सांगितली. या मजुरांच्या बाजूने अडॉल्फ द प्लेवित्झ नावाचा एक युरोपीय मळेवाला उभा राहिला होता. १८७१ मध्ये त्याने ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा व अंगठ्यांचा अर्ज सरकारकडे दिला. इतर मळेवाल्यांनी त्याचा छळ केला. पण विलायतेहून चौकशीमंडळ आले, त्याने मजुरांची दुःस्थिती मान्य केली आणि कायदे थोडे सौम्य झाले. "तो स्वतः मळेवाला होता?" एवढेच आबांनी विचारले.

पुढचे दोन दिवस दक्षिणेत गेले. ग्री-ग्री येथे प्रवाळांची भिंत तुटलेली आहे. तिथे समुद्र थेट कड्यावर येऊन धडकतो. बेटाच्या इतर किनाऱ्यावर न मिळणारा तो गंभीर गर्जनेचा स्वर कानात घुमत राहतो. शामारेल येथे तांबड्या, जांभळ्या, करड्या मातीचे उघडे उंचवटे आहेत. लाव्हा कुजून झालेल्या मातीचे हे रंग पावसानेही एकमेकांत मिसळत नाहीत. गंगातलाव हे उंचावरील एका विवरात साठलेले सरोवर होय. १९७२ मध्ये त्यात भारतातून आणलेले गंगाजल मिसळले गेले. शिवरात्रीला सजवलेल्या कावडी घेऊन लक्षावधी लोक दूरदूरच्या गावांहून तिथे पायी येतात. काठावर शंकराची ३३ मीटर उंचीची मूर्ती उभी आहे. मूर्तीपेक्षा त्या शांत पाण्याकडेच पाहत राहावेसे वाटते.

नैर्ऋत्येच्या टोकाला ल मॉर्न नावाचा एकाकी डोंगर समुद्रात शिरला आहे. त्याची उंची ५५६ मीटर असून बाजू ताशीव आहेत. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या माथ्यावर व गुहांत लपून राहत. अशी कथा सांगतात की, गुलामगिरी संपल्याची वार्ता देण्यास शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा ते आपल्याला धरण्यासच येत आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. कथेला लेखी आधार थोडा आहे. परंतु त्या बेटावरची माणसे ती सांगताना आवाज खाली आणतात.

परतताना चालकाने गाडी पश्चिमेकडील कास्कावेल गावात नेली. या भागात मराठी कुटुंबे फार पूर्वीपासून राहतात. त्यांचे मूळ बहुतांशी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. जहाजावर चढताना कारकुनाने बापाचे नाव विचारले व तेच पुढे आडनाव होऊन बसले. त्यामुळे कोण कुठल्या गावचा, हे आता बहुतेकांना सांगता येत नाही. गणेशचतुर्थीला मात्र साऱ्या देशाला सुट्टी असते आणि गणपती समुद्रात विसर्जित होतात.

एका घराच्या ओसरीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पाहुणे महाराष्ट्रातून आले आहेत हे कळताच त्यांनी दोघांना आत बोलावले, पाणी दिले, आणि मग सगळेच अवघडून गप्प झाले. बाईंची भाषा क्रिओल. त्यांना मराठीतले 'देव', 'आजी', 'भाकरी' असे थोडेच शब्द येत होते. इतक्यात शाळेच्या पोशाखातली त्यांची बारा-तेरा वर्षांची नात आली. तिने दप्तर ठेवले आणि हात जोडून हळूहळू, एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "नमस्कार. आपण बसा. मी मराठी शिकते."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तिथल्या शाळांत मुलांना हवी असल्यास मराठी हा विषय घेता येतो. तिने आपले पुस्तक आणून दाखवले. गुरुजींनी तिला एक उतारा वाचावयास सांगितला आणि जन्मभराच्या सवयीने तिचा 'ळ' दोनदा सुधारला.

आबा पुस्तकाकडे पाहत नव्हते. त्यांनी चालकाला दुभाष्या करून बाईंना विचारले, "तुमचे वडील काय करीत?"

"ऊस तोडीत," बाई म्हणाल्या. "आईही. मीही लहानपणी पाचट वेचले."

"मग ही पोर शाळेत कशी?"

बाईंना प्रश्न नीट कळला नसावा. चालकानेच उत्तर दिले. जुन्या काळी मजूर दिवसभर राबून रात्री एखाद्या गवती छपराखाली जमत. त्याला बैठका म्हणत. तिथे दिव्याच्या उजेडात पोरांना अक्षरे शिकवीत, रामायण वाचीत. सरकारी शाळा पुढे आल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही विनामूल्य झाले. बाईंची मुले त्या शाळांतून शिकली. एक परिचारिका आहे, दुसरा बँकेत आहे. घरात आता कोणी ऊस तोडीत नाही. "तोडणार तरी कोण?" चालक हसून म्हणाला. "आता पुष्कळ ठिकाणी यंत्रेच तोडतात. मजूर हवेच असले, तर परदेशातून आणतात."

निघताना आबांनी फराळाचा उरलेला डबा त्या मुलीच्या हाती दिला. करंजीला काय म्हणतात, ते तिला ठाऊक नव्हते. गुरुजींनी तो शब्द तिच्या वहीत लिहून दिला.

शेवटच्या रात्री माएबूर गावातल्या खोलीवर सामानाची आवराआवर चालली होती. उघड्या खिडकीतून खाडीचा वारा येत होता. आबांनी मुलाला फोन लावला. तिकडचे घड्याळ दीड तास पुढे होते. मुलगा नुकताच शेतावरून आला होता.

"टोळी उतरली का?"

"परवाच उतरली, आबा. बारा कोयते आहेत. ओढ्याच्या पलीकडे खोपी घातल्या आहेत. सोमवारपासून मोळी टाकतो. खाड्याची नवी वही घेऊ का? मुकादम यंदाचा दर विचारतो आहे."

"वही घेऊ नकोस. दराचे मी आल्यावर त्याच्याशी बोलेन. तोवर कोणाच्या नावावर काही चढवायचे नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, "आबा, गेल्या खेपेचे नुकसान विसरलात का?"

"विसरलो नाही. म्हणून तर मी आल्यावर बोलू म्हणतो. आणि दुसरे असे की, टोळीत मुले किती आहेत?"

"मुले? ती कोण मोजतो?"

"शाळेत जाण्याच्या वयाची किती आहेत, ते विचारतोय."

"असतील सात-आठ."

गुरुजींनी घडी घालायला घेतलेले धोतर तसेच हातात धरून ठेवले.

"असतील नव्हे," आबा म्हणाले. "उद्या पहाटे टोळी फडात जाण्यापूर्वी खोपींवर जा आणि मोज. प्रत्येकाचे नाव लिही, बापाचे लिही, गाव लिही, आणि गावी कितवीत होता तेही लिही. आणि तो कागद घेऊन आपल्या शाळेच्या हेडमास्तरांकडे जा."